दादाला एवढं समजाव

बिशप, कॅलिफोर्निया

प्रिय बाळ्या,

माझी तब्येत ठीक, शुगर आहे तिथंच आहे. दादानं ओढ्याकडच्या मळ्याचा इसार घेतला म्हणे. वहिनीच्या फोनवरून कळलं, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. त्यात कामानं येऊन पडलोय या ओवेन्स खोऱ्यात.

हा मुलूख म्हणजे माणदेशच समज. पश्चिमेला सिएरा नेवाडाचे डोंगर. ढग तिथंच रिकामे होतात, खोऱ्यात वर्षाला जेमतेम पाचेक इंच पाऊस. पाणी सगळं डोंगरावरच्या बर्फाचं. ओढ्यांनी उतरतं, पायथ्याच्या वाळूत मुरतं, खाली झऱ्यांनी वर येतं. इथले मूळचे पायूट लोक पाट काढून रानकंद भिजवायचे. मग गुरंवाले आले, त्यांनी तेच पाणी कुरणांना आणि लसूणघासाला दिलं.

पुढं लॉस एंजेलिस शहरानं एकेकाला गाठून जमिनी पाण्यासकट घेतल्या. १९१३ साली २३३ मैलांचा कालवा सुरू, १९२६ पर्यंत ओवेन्स तलाव कोरडा. १९२४ साली लोकांनी कालव्याची दारं ताब्यात घेऊन चार दिवस पाणी नदीत सोडलं. तिथं जेवणावळीही झाल्या. तू असतास तर भज्यांची कढई तुझ्याकडंच असती. १९७० साली दुसरा कालवा झाला, विहिरींचा उपसा वाढला आणि फिश स्प्रिंग्जचा झरा आटला. तिथल्या मत्स्यकेंद्राच्या हौदांत आता पंपाचं पाणी पडतं. नाव झऱ्याचं, काम मोटारीचं! गुरंवाले अजून आहेत, पण बरेचसे शहराचे खंडकरी.

दादा म्हणतो, "मळा जातोय, विहीर आपलीच राहतीय." अरे, पण विहिरीला पाझर त्याच मळ्यातून! घेणाऱ्यानं वर दोन बोअर मारले की आमच्या विहिरीत बेडूक तेवढे उरतील. तू म्हणशील, लांब बसून अक्कल शिकवतोय. मोटारीच्या फ्यूजवरून भांडलो तेव्हाही हेच म्हणाला होतास, आणि फ्यूज तूच उडवला होतास.

खरेदीखत अजून व्हायचंय. दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. इसार परत करायला पैसे लागले तर मी पाठवतो; वहिनीसमोर मात्र हे काढू नको.

पोरीची दहावी कशी गेली? दुकान चालतंय ना? काकींना नमस्कार. दादाला भेटलास की लगेच फोन कर, इकडं मध्यरात्र असली तरी.

तुझा,
सुऱ्या