मोतीचं पाणी आधी गार कर

हॅम्बुर्ग, ९ मे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मोती आठ दिवस काही खात नाही गं ताई" एवढंच म्हणालास आणि तुझा गळा दाटून आला. मलाही रात्री झोप लागली नाही, म्हणून तुझ्या या अ‍ॅक्सोलॉटलबद्दल, म्हणजे पाण्यातच राहणाऱ्या या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराबद्दल, सगळं लिहूनच पाठवते.

पाणी २८ अंशांवर आहे म्हणालास, तिथेच दुखणं आहे. अ‍ॅक्सोलॉटल मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला. ते ठिकाण सुमारे २,२४० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जवळजवळ सहाशे मीटर वर. त्याला १६ ते १८ अंश मानवतात. चोविसाच्या पुढे तो कासावीस होतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि त्याच्या शरीराची गरज मात्र वाढलेली. अशा वेळी अन्नावरची वासना उडते. आईला सांग, तोंड उघडून भरवायचं नाही. मोठा अ‍ॅक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहिला तरी तग धरतो. गरम पाणी त्याला जास्त लवकर खचवतं.

नाशिकची मे महिन्यातली कोरडी हवा इथे कामी येईल. माठ जसा पाझरून गार होतो, तसंच हे: टाकीवर जाळी ठेव आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ दे, दोन-तीन अंश सहज उतरतील. बाकीचं बर्फ केलेल्या बंद बाटल्यांनी, आलटून पालटून. उघडा बर्फ टाकू नकोस, आणि एकदम गारही करू नकोस. दिवसाला दोनेक अंश पुरेत.

मग पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपास, विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारी ही विषारी द्रव्यं. दोन्ही शून्यच हवेत. नसतील तर मोतीला एका स्वच्छ टबात ठेव आणि रोज सगळं पाणी बदल. नळाचं पाणी क्लोरीन काढणारं औषध घालूनच वापर. तळातले बारीक खडेही काढून टाक. घासाबरोबर ते गिळले जातात आणि आतडं तुंबतं.

गांडुळांचं मात्र मला काल सुचलंच नाही. तू काकांच्या मळ्यातल्या गांडूळखताची देतोस ना, तांबडी, पिवळसर पट्ट्यांची? ती डिवचली की कडवट द्रव सोडतात. इथे माझा अ‍ॅक्सोलॉटल सोन्या ती तोंडात घेऊन लगेच थुंकायचा आणि मी आठवडाभर त्याला आजारी समजत होते. साधी मातीतली गांडुळं दे. पण द्राक्षबागेतली अजिबात नकोत, तिथे भुरी-डावणी या रोगांवरच्या औषधांचे फवारे झालेले असतात. परसातल्या कढीपत्त्याच्या आळ्यात ओलं गोणपाट टाकून ठेव, सकाळी त्याखाली बघ. गांडूळ धुऊन, तुकडा करून, दिवे मंद झाल्यावर चिमट्याने त्याच्या तोंडासमोर हलव. त्याची नजर अधू असते, हालचाल आणि वास यांवरच तो झडप घालतो. अर्ध्या तासात घेतलं नाही तर काढून टाक.

कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं, पोट फुगलं किंवा तो उलटा तरंगायला लागला, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. उभयचर तपासणारे पशुवैद्य कोण आहेत, ते आजच फोन करून विचारून ठेव.

सकाळ-संध्याकाळचं तापमान वहीत लिही. रविवारी मोतीचा वरून काढलेला फोटो पाठव, पोट डोक्याइतकं रुंद आहे का ते मला बघायचंय.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई