पगार कोण द्यायचं?

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या खगोलशास्त्रज्ञांना पगार कोण द्यायचं, असं तू विचारलंस. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून पत्र.

बऱ्याच जणांचं पोट पंचांगावर चालायचं. आपल्या छापखान्यातली दिनदर्शिकांची घाई बघत तू वाढलीस, तुला हे लगेच कळेल. केप्लर हा खगोलशास्त्रज्ञ ऑस्ट्रियातल्या ग्राझला शाळेत गणित शिकवायचा आणि दरवर्षी पंचांग करून द्यायचा. त्यात थंडीची, लढायांची भाकितंही घालावी लागत. पुढे प्रागला सम्राटाचा गणिती झाला, पण पगार सतत थकलेला. १६३० मध्ये रेगेन्सबर्गला वारला, तेव्हाही त्याचं येणं बाकीच होतं.

पण मला खरं सांगायचंय ते मारिया विंकेलमानबद्दल. जर्मनीतल्या लाइपझिगजवळची मुलगी, जन्म १६७०चा. शेती करता करता स्वतःच आकाश शिकलेल्या एका शेतकऱ्याकडे ती शिकली. विद्यापीठाची दारं तिला बंदच होती. १६९२ मध्ये तिने आपल्याहून तीस वर्षांनी मोठ्या गोटफ्रीड किर्खशी लग्न केलं. त्या काळी वेधशाळा म्हणजे बहुधा खगोलशास्त्रज्ञाचं घरच. नवरा, बायको, कळती मुलं, सगळे वेध घेणार, सगळे आकडेमोड करणार.

१७०० मध्ये बर्लिनला विज्ञानाची अकादमी, म्हणजे विद्वानांची संस्था, निघाली आणि किर्ख तिचा खगोलशास्त्रज्ञ झाला. अकादमीची कमाई कसली? पंचांगं विकण्याच्या मक्त्याची! म्हणजे ती विद्वान मंडळी जगत होती ती या नवरा-बायकोच्या आकडेमोडीवर.

एप्रिल १७०२. पहाटे दोनचा सुमार, आकाश निरभ्र. किर्ख झोपलेला. त्याने आधी पाहिलेला एक रूपविकारी (म्हणजे तेज कमी-जास्त होणारा) तारा आपणही बघावा म्हणून मारिया शोधू लागली आणि तिला धूमकेतू दिसला. तिने नवऱ्याला उठवलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तरी बातमी गेली ती त्याच्या नावाने. तिचं श्रेय छापून यायला १७१० उजाडलं.

त्याच वर्षी किर्ख वारला. पंचांगाचं काम मला आणि मुलाला द्या, असा अर्ज तिने केला. नवऱ्याच्या आजारपणात तीच ते काम करत होती. अकादमीचा अध्यक्ष, गणितज्ञ लाइबनिझ तिच्या बाजूने उभा राहिला, तरी अकादमीने नकार दिला. बाईने केलेल्या पंचांगामुळे आधीच आपलं हसं होतंय, आता लोक आणखी बोलतील, अशी चिटणीसाला धास्ती! मला हे वाचून फार संताप आला. १७१६ मध्ये मुलाला नेमलं आणि आई त्याची मदतनीस झाली. मग तिला बजावण्यात आलं, की पाहुण्यांसमोर पुढे पुढे करू नका. शेवटी वेधशाळेतलं घरही सोडावं लागलं. मुलींनी मात्र पंचांगांचं काम पुढे वर्षानुवर्षं केलं.

तुझ्या संशोधनाच्या गटात रात्रीचे वेध कोण घेतं, आणि पेपरवर नावं कोणाकोणाची पडतात? कळव. आईने मेतकूट पाठवलंय, पार्सल सोडवून घे.

तुझे,
बाबा