सामुदायिक भाजीबाग आणि उन्हाळा

संपादक महोदय,

सामुदायिक भाजीबागेचा उत्साह लागवडीच्या दिवसांत ओसंडून वाहतो; ऊन तापू लागले की मात्र झारी दोघा-तिघांच्याच हाती उरते, याचे फार वाईट वाटते. पारा ३५ अंशांपुढे गेला की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळू लागतात. त्यात निगा राखणाऱ्याचा दोष नसतो. पाणी सकाळी लवकर, बुंध्याशी, सावकाश द्यावे आणि वाफ्यावर वाळलेल्या पानांचा चार बोटे थर पसरावा; आमच्या वाफ्यातला तो थर भर दुपारी बाजूला सारला, तेव्हा खालची माती बोटांना गार आणि ओलसर लागली. सुट्टीवर जाणाऱ्यांनी आपली पाळी आधीच दुसऱ्याकडे सोपवावी आणि तयार भेंडी, काकडी जून होण्याआधी तोडण्याची मुभाही द्यावी.

आपला,
एक वाचक