गोगलगायीचं खातं कुणाकडे, साहेब?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी भंडारा जिल्ह्यातल्या एका मच्छीमार संस्थेचा सभासद. मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, ठेक्यानं घेतो, रोहू, कटला, मृगळ सोडतो. गेल्या हंगामात माशांच्या अंगावर मोहरीएवढे काळे ठिपके निघाले. बाजारात गिऱ्हाईक मासा हातात घेई, उलटापालटा करी आणि ठेवून देई.

तो ठिपका म्हणजे कातडीत दडून बसलेलं चपट्या कृमीचं पिल्लू. बगळ्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातली अळी गोगलगायीत शिरते, तिथं एकीच्या शेकडो होतात, मग त्या माशाला चिकटतात आणि मासा पुन्हा बगळ्याच्या पोटात. बगळे कोण थोपवणार? धागा तुटेल तर गोगलगायीपाशीच.

ही तक्रार घेऊन मत्स्य कार्यालयात गेलो, तर म्हणाले जनावरांच्या दवाखान्यात विचारा. तिथले म्हणाले, मासा आमच्याकडे येत नाही. गंमत अशी की त्यांच्या गाई-बैलांच्या यकृतातले कृमी आणि नाकात गाठी येऊन जनावर घोरायला लावणारे कृमीही गोगलगायींतूनच येतात. माणूसही सुटलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रोगाची नोंद डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी १९५२ साली केली. तिथंही कृमीची पिल्लं मधल्या टप्प्यात पोसणारी गोड्या पाण्यातली एक चिमुकली गोगलगायच होती.

आता कुणीतरी औषध टाकायला सांगेल. निक्लोसामाईडनं गोगलगायी मरतात, पण त्याच मात्रेत मासेही मरतात. मोरचूदही माशांवर उलटतं. मोहाची पेंड मात्र आमच्याच भागातली. मीटरभर पाण्याला हेक्टरी दोन-अडीच हजार किलो टाकली तर तिचं विष दोन-तीन आठवड्यांत उतरतं आणि पुढं तिचंच खत होतं. तीही मत्स्यबीज सोडायच्या आधीच चालते. खरं काम उन्हाळ्यात असतं. तळं आटलं की शेवाळ-पाणवनस्पती काढायच्या, चुना मारायचा, गाळ उपसायचा. तळ नुसता वाळवून भागत नाही, कारण काही गोगलगायी चिखलात कवच मिटून पावसाची वाट पाहतात. हा खर्च आम्हाला झेपत नाही, साहेब. बीजासाठी मदत देताना त्यात तळसफाईही धरा.

दुसरं, झिंगे. आफ्रिकेतल्या सेनेगल नदीकाठी गोगलगायी खाणारे गोड्या पाण्यातले झिंगे सोडले, तेव्हा रोगट गोगलगायी घटल्या. आपल्या गोदावरी खोऱ्यातला झिंगा इथं वापरून पाहा. त्याच्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, म्हणून बीज दरवर्षी द्यावं लागेल. चीनमधला काळा कार्प मासा मात्र आणू नका. अमेरिकेनं तो गोगलगायी खाण्यासाठीही आणला आणि तो मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात सुटला.

आणि तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक द्या. गोगलगाय पेल्यातल्या पाण्यात घालून उजेडात ठेवली की अळ्या बाहेर पडतात. बघणारा माणूस तेवढा तुम्ही नेमा, गोगलगायी आम्ही बादलीनं आणून देऊ.

आपला,
एक ढिवर सभासद