आमच्या काकड्यावर हक्क कुणाचा?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा असतो. गेल्या वर्षी मी त्यातला एक दिवस मोबाइलवर रेकॉर्ड केला. पखवाजाला कणीक लावतायत ते पण त्यात दिसतं, मधेच कोंबडा आरवतो, आणि आमचे ऐंशीच्या घरातले विणेकरी बाबा एका चरणाला खोकतात आणि परत तिथूनच सुरू करतात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांना तिकडे ऐकता यावं म्हणून व्हिडिओच्या एका मोठ्या साइटवर टाकला, कमाईचा विषयच नव्हता.

तिसऱ्याच दिवशी मेल आला, तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेलं गाणं आहे, एका म्युझिक कंपनीने क्लेम केलाय. व्हिडिओ राहिला पण त्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि त्याचे पैसे क्लेमवाल्याला. अभंग चालू असताना मधेच बनियनची जाहिरात लागते हे बघून मंडळातली म्हातारी माणसं मला विचारायला लागली की तू आपला काकडा विकलास का. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

अहो, अभंग तुकोबांचे, आणि तुकोबा १६५० साली गेले. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे शब्दांवर आता कुणाचीच मालकी नाही. चाल वारकरी, आज्या-पणज्यापासून चालत आलेली. कंपनीचा हक्क आहे तो त्यांनी स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डिंगवर, तो मला शंभर टक्के मान्य आहे, आणि एखाद्या संगीतकाराने बांधलेली चाल आम्ही उचलली असती तर मी स्वतःहून व्हिडिओ काढला असता, त्यांचंही पोट त्यावरच आहे. पण आमच्या बाबांचा आवाज त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कसा असेल? क्लेममध्ये एवढंच लिहिलंय की चाल जुळते.

मग मी डिस्प्यूट टाकला, म्हणजे क्लेम चुकीचा आहे अशी साइटवर हरकत घेतली. तर तो जातो कुणाकडे, ज्याने क्लेम केला त्याच्याकडेच! ३० दिवस त्यांच्या हातात असतात. महिना संपता संपता उत्तर आलं, क्लेम कायम, ना कारण ना कुणा माणसाचं नाव. पुढे अपील करता येतं पण तिथे आधीच ताकीद दिलीय की अपील नाकारून त्यांनी व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली तर चॅनलला स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा ठपका बसेल, आणि ९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं. त्यानंतर काउंटर नोटीस, म्हणजे व्हिडिओ काढणं चूक होतं असं लेखी उत्तर द्यायचं तर आपलं नाव-पत्ता समोरच्या कंपनीला जाणार. हे वाचून मंडळाने हात टेकले, म्हणाले जाऊ दे बाबा, काढून टाक.

आमच्या वकील भाच्याने मग २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ दाखवला. साइटवर तात्पुरत्या साठवलेल्या मजकुराबद्दल तो आहे, आणि आमच्यासारख्या व्हिडिओला तो लागू धरायचा का यावर वाद होऊ शकतो असं तोच म्हणाला, पण त्यातली रीत बघा. तक्रारदाराने लेखी द्यायचं, हक्क आपलाच कसा ते सांगायचं, वर कोर्टात जाईन असंही लिहून द्यायचं. साइटची खात्री पटली तर ३६ तासांत ते बंद करायचं, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर साइटला ते परत सुरू करता येतं. म्हणजे तक्रार करणाऱ्यालाही काहीतरी पणाला लावावं लागतं. आमच्यावर आला तसल्या, मशीनने आपोआप जुळवून टाकलेल्या क्लेमला यातलं काहीच लागत नाही, एका झटक्यात हजारो क्लेम टाकता येतात आणि चुकीचे निघाले तरी त्यांचं काय जातं?

माझी मागणी जगावेगळी नाही. डिस्प्यूट आला की साइटच्या माणसाने दोन्ही रेकॉर्डिंग स्वतः ऐकावीत, निर्णयाचं कारण लिहून द्यावं आणि फॉर्म मराठीत असावा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या सोशल मीडिया साइटना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्यालाही मी लिहिलंय. ज्या भजनी मंडळांवर असा क्लेम आलाय त्यांनी मोबाइलमधली मूळ फाइल डिलीट करू नका, तारखेसकट जपून ठेवा, आणि घाबरून व्हिडिओ काढू नका.

आम्ही अपील टाकलंय. कंपनीला उत्तर द्यायला ७ दिवस आहेत, त्यातले चार गेले. विणेकरी बाबा रोज संध्याकाळी पारावर भेटले की विचारतात, आला का रे निकाल.

– भजनी मंडळातला एक टाळकरी, पारनेर तालुका