साखर वाढली म्हणून मात्रा वाढवण्याआधी औषध खिडकीला विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मधुमेहाची मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम गोळी सकाळ-संध्याकाळ एकेक, म्हणजे 30 दिवसांच्या 60 गोळ्या. त्या नेऊन रुग्ण 45व्या दिवशी खिडकीवर आला, तर 15 दिवसांच्या गोळ्या पोटात गेलेल्याच नाहीत. हा हिशेब खिडकीवरच्या आम्हा फार्मासिस्टना जागेवर कळतो. केस पेपरवर मात्र तो कुठेच उतरत नाही. डॉक्टरांना दिसते फक्त वाढलेली साखर. ते साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीची, ग्लिमेपिराइडची, मात्रा 1 मिलिग्रॅमवरून 2 करतात. मग घरचे कुणी नेमाने गोळ्या द्यायला लागले की तीच मात्रा जड पडते, साखर फार उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. रुग्ण म्हणतो, "गोळी सोसत नाही," आणि सगळ्याच गोळ्या बंद करतो.

गोळ्या चुकण्याची कारणे साधी असतात. मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेतली की मळमळते, जुलाब होतात; जेवणासोबत घेतली की बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. पुरवठादार बदलला की गोळीचा रंग-आकार बदलतो. मग आजी जुन्या स्ट्रिपमधली एक आणि नवीनमधली एक, अशा एकाच औषधाच्या दोन गोळ्या घेतात. एकादशीला काही न खाता ग्लिमेपिराइड घेतली, तर साखर धोकादायक उतरू शकते. (साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर चढते, ते वेगळेच.) इन्सुलिनचे तर विचारूच नका. बाटलीत एका मिलिलिटरला 40 युनिट, इन्सुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. कार्ट्रिजमधले इन्सुलिन 40च्या सिरिंजने ओढले, की अडीचपट मात्रा टोचली जाते.

हे सांगायला पाच मिनिटे लागतात. रांगेत ती मिळत नाहीत, आणि जाळीआडून ओरडून सांगण्यासारखे हे नाही. रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे काम आहे, असे 2015च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये लिहिलेले आहेच. कमी आहे ती खुर्ची आणि वेळ. मात्रा बदलण्याचा अधिकार आम्ही मागत नाही.

असांसर्गिक (मधुमेह, रक्तदाब अशा न पसरणाऱ्या) आजारांच्या ओपीडीच्या दिवशी खिडकीशेजारी एक टेबल आणि एक जादा औषध निर्माण अधिकारी (फार्मासिस्ट) द्या. नवीन रुग्ण, इन्सुलिनवाले आणि उशिरा आलेले एवढेच त्या टेबलावर येतील. बाकीची रांग चालू राहील. गोळ्या पूर्ण 30 दिवसांच्याच मिळू द्या. साठा कमी म्हणून 10 दिवसांच्या दिल्या, तर रोजंदारी बुडवून माणूस महिन्यात तीनदा येत नाही.

नोंदवहीला रकाने चारच हवेत: दिलेल्या गोळ्या, पुढची तारीख, प्रत्यक्ष आल्याची तारीख, उशिराचे कारण. तारखेनंतर पाच दिवस उलटले की नाव आशाताईंकडे जावे. उशिराचे दिवस आम्ही केस पेपरवर लाल शाईने लिहू. ते पाहिल्याशिवाय मात्रा वाढवू नये, एवढे परिपत्रक आपल्या विभागाने काढावे.

आपले,
सरकारी रुग्णालयांतील औषध निर्माण अधिकारी