सेल सराफ्याच्या काट्यावर ठेवला तेव्हा कळलं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्याच काय, सगळ्याच पेपरांत अधूनमधून एक बातमी येते, बॅटरी फुटली, गादी जळाली, कोणाचा हात भाजला, आणि शेवटी ठरलेली ओळ असते की रात्रभर चार्जिंगला लावून झोपले म्हणून असं झालं. म्हणजे चूक कोणाची, तर झोपणाऱ्याची! मी पस्तीस वर्षं वीज खात्यात काढली, तारा आणि मीटर यांच्यातच केस पांढरे झाले, तरी मीसुद्धा हेच धरून चाललो होतो, मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

झालं असं की मे महिन्यात आमच्या गल्लीत लाईट सारखी जात होती म्हणून चार्जिंगवाली जुनी टॉर्च बाहेर काढली, तर तिचा सेल मेलेला. तो गोल सेल असतो ना, पेन्सिल सेलपेक्षा जाड, त्याला 18650 म्हणतात, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे तो गोल आहे. बाजारात गेलो तर दुकानदारानं दोन दाखवले, एक साडेतीनशेचा, त्यावर लिहिलेलं 2600 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप), आणि एक ऐंशी रुपयांचा, चकचकीत लाल, त्यावर 9900. मी विचारलं हा इतका स्वस्त कसा, तर म्हणे "अंकल, डायरेक्ट माल है, पावर भी ज्यादा." आता पाव किमतीत चौपट मिळतंय म्हटल्यावर मी कशाला सोडतो, एक नाही चांगले चार घेतले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास टॉर्च फ्रिजवर चार्जिंगला लावली. लक्षात घ्या, संध्याकाळ होती, घरात सगळे जागे, चहा चालू होता. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, बायको म्हणाली नेलपॉलिश पुसायच्या लिक्विडसारखा वास कुठून येतोय, आणि तेवढ्यात फ्रिजवरून सुस्स्स असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तसा. टॉर्चची काच उडून गॅसच्या शेगडीपाशी पडली आणि मागून वीतभर जाळ. फ्रिजवर आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल होता तो अर्धा गेला. बायकोनं बटण बंद केलं, मी सांडशीनं टॉर्च धरून मोरीतल्या भरल्या बादलीत बुडवली आणि वरून नळ सोडला. लिथियम म्हटलं की पाणी चालत नाही असं बरेच जण सांगतात पण हे लिथियम-आयन सेल वेगळे, छोट्या सेलला भरपूर पाणीच लागतं, तो थंड होणं महत्त्वाचं. धूर मात्र अजिबात हुंगू नये, त्यात हायड्रोजन फ्लोराईडसारखा विषारी वायू असू शकतो. मी हुंगला, दोन दिवस घसा धरला होता.

उरलेले तीन सेल टाकून द्यायच्या आधी भाच्यानं एकाचं वरचं लाल प्लास्टिक ब्लेडनं हळूच चिरलं (हे घरी कोणी करू नका, आम्हीही कव्हरच्या पुढे गेलो नाही). आत दुसरं कव्हर, हिरवट, मळलेलं, आणि बुडाला बारीक दोन-दोन ठिपके, थोडं गंजलेलं. वेल्डिंगच्या खुणा त्या. म्हणजे हा सेल आधी कुठल्यातरी लॅपटॉपच्या नाहीतर गाडीच्या पॅकमध्ये पट्टीला जोडलेला होता, पॅक भंगारात गेला, पट्टी उपटली, वर नवीन लाल झबलं चढवलं आणि झाला 9900.

बाकीचे दोन हातात घेतले तर फारच हलके वाटले. माझ्या एका मित्राचं सराफ्यात दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा जाऊन सोनं तोलायच्या काट्यावर ठेवले. 31 ग्रॅम आणि काही मिली. भाच्याच्या लॅपटॉपमधून निघालेला कंपनीचा सेल ठेवला तर 46. मित्र म्हणाला, "अरे, यात तर खोट आहे." सराफाला खोट बरोबर कळते. चांगला 18650 साधारण 45 ते 48 ग्रॅम भरतो कारण आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पट्टी ठासून गुंडाळलेली असते, वजन कमी म्हणजे आत माल कमी. काही सेलमध्ये तर लहानसा सेल घालून बाकी जागेत पावडर भरलेली सापडते. भाच्याकडे क्षमता मोजणारा चार्जर आहे, त्यावर आमचा 9900 वाला भरला 612. आणि मुळात चांगल्या कंपन्यांचे या मापाचे सेल बरीच वर्षं 3500 च्या आसपासच आहेत, फार तर थोडे वर, त्यामुळे 9900, 6800, 12000 असं काही दिसलं की दुसरं काही बघायचीच गरज नाही, आकडाच खोटा आहे.

हा जाळ होतो कसा ते सांगतो, कारण बातमीत हेच कधी नसतं. सेलच्या आत बाकरवडीसारखी गुंडाळी असते, दोन धातूंच्या पट्ट्या आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा, तो केसापेक्षाही बारीक, 20 मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या पडद्यावर सगळा भरवसा. कारखान्यात धातूचा कण राहिला, पट्टीची कड नीट कापलेली नसली, किंवा जुन्या थकलेल्या सेलमध्ये लिथियमचे काटे वाढले की पडदा टोचला जातो आणि आतल्या आत शॉर्ट. 130 डिग्रीच्या आसपास पडदा स्वतःच वितळतो, मग गरमीनं आणखी गरमी, आतलं द्रव पेट्रोलसारखं पेटणारं, आणि ते कोणाच्या बापाला थांबत नाही. चांगल्या सेलच्या टोपीत यासाठीच सोय असते, आत गॅसचा दाब वाढला की करंट तोडणारी चकती आणि दाब बाहेर सोडायची वाट. ऐंशी रुपयांत ही चकती कोण घालणार? वर टॉर्चचं चार्जिंगही तसलंच. लिथियम सेल 4.2 व्होल्टला पोचला की चार्जिंग थांबलं पाहिजे, चांगल्या मालात ते सर्किट करतं, मग तुम्ही रात्रभर झोपा नाहीतर आठवडाभर गावाला जा. स्वस्त टॉर्चमध्ये सर्किटच्या नावानं बोंब. म्हणून म्हणतो, झोपणाऱ्याला दोष देणं बंद करा.

नियम नाहीत असंही नाही. आपल्याकडे लिथियम सेल आणि बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, आयएस 16046 म्हणून, मालावर आयएसआयसारखी खूण आणि आर- पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा ते येतं, नाव जुळलं तर ठीक, कारण नंबर छापायलाही काही लागत नाही. आमच्या लाल सेलवर खूणही नव्हती, नंबरही नव्हता, नुसतं 9900 मात्र तीन ठिकाणी. आणखी एक गंमत, लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणला सोनीनं 1991 मध्ये, पण बॅटरीचा धंदा त्यांनी 2017 मध्ये मुराता कंपनीला विकून टाकला, तरी आजही काऊंटरवर "एकदम फ्रेश" सोनी विचारा, मिळेल! मोठ्या कंपन्या तर स्वतःच सांगतात की हे सेल आम्ही पॅकमध्ये घालायला बनवतो, सुट्टे गिऱ्हाईकाला विकायला नाही.

टॉर्चचं एक सोडा, पण हेच भंगारातले सेल जोडून खेळण्यातल्या गाड्या, मच्छर मारायच्या रॅकेटी, पॉवर बँक बनतात, आणि अनंत चतुर्दशीला झांकी, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला इंदूरच्या राजवाड्यावर गेलं की प्रत्येक पोराच्या हातात लुकलुकणारं काहीतरी असतं. ई-रिक्षाच्या जुगाडू पॅकचं तर नावच काढत नाही, ते वेगळं पत्र होईल.

मी दुकानदाराकडे गेलो होतो, जळका सेल घेऊन. त्यानं बघितला, काही भांडला नाही, उलट ड्रॉवर उघडून म्हणाला "दूसरी ले जाओ." बिल मागितलं तर हसला. बिल नसेल तर ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर फोन करूनही हातात दाखवायला काय असणार, म्हणून निदान बिल घ्या एवढं तरी छापा. आणि तुमच्या बातमीदारांना माझी विनंती आहे की पुढची अशी बातमी आली की चार्जिंग किती तास चालू होतं एवढंच विचारू नका, सेल कोणता होता, त्यावर आर-नंबर होता का, कुठून आणि कितीला घेतला हेही विचारा आणि छापा.

राहता राहिले ते तीन सेल. दोन्ही टोकांना काळी टेप लावून वाळूच्या कुंडीत गच्चीवर ठेवले होते, सुक्या कचऱ्यात टाकले तर गाडीत दाबले जाऊन तिथेच पेटायचे. ई-वेस्टच्या डब्यात टाकायला खाली नेले तर गाडीवरच्या पोरानं हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "बाबूजी, ये दो तो नई जैसी है, चलती है क्या?" मी ते परत घेतले, घरी जाऊन मार्करनं तिन्हीवर मोठ्ठं "खराब" लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दिले.

आपला,
एक जुना वाचक
लोकमान्य नगर, इंदूर